गीवान : आमच्या सारंगाच्या थापा की खरंच?

ऑइलीहात
मी टँकरवर सेकंड इंजिनिअर आहे. सध्या साइन-ऑफ होऊन घरी. आमचा बोसन, म्हणजे डेकवरच्या खलाशांचा मुकादम (आमचे जुने लोक अजून त्याला सारंगच म्हणतात), फिलिपिनो, वय पन्नाशीच्या आसपास, कोळ्याच्या घरातला. हा माणूस जेवताना रोज आपल्या गावाची एक गोष्ट सांगायचा. गावाचं स्पेलिंग असं की आमच्या कॅडेटने ते 'गुइउआन' वाचलं होतं. खरा उच्चार गीवान.

पहिल्या दिवशी म्हणाला, तो पोर्तुगीज दर्यावर्दी मॅगेलन आमच्याकडे उतरला. दुसऱ्या दिवशी, अमेरिकन नौदलाने आमच्या गावात धावपट्टी बांधली. तिसऱ्या दिवशी, हजारो रशियन आमच्या बेटावर तंबू ठोकून राहत होते आणि त्यांच्यातला एकजण पुढे संत झाला. चौथ्या दिवशी, २०१३ चं ते मोठं हैयान वादळ पहिल्यांदा आमच्याच डोक्यावर आदळलं. मी म्हटलं, बाबा रे, आता तुमच्याकडे फक्त गणपती दूध प्यायचा राहिलाय. सगळी मेस हसली. तोही हसला, पण जरा ओशाळून.

घरी आल्यावर शोधलं तर चारही गोष्टी खऱ्या! आता मलाच ओशाळायला झालंय. त्याने गावी बोलावलंय आणि जायचा विचार पक्का होत आलाय. तर प्रश्न असे: कुणी त्या बाजूला गेलंय का? गाव केवढं, माणसं किती, करतात काय? मासेमारी आपल्या कोकणासारखी की वेगळी? आणि एवढं सगळं जिथे घडलं त्या गावाचं नाव आपण कधी ऐकलंच कसं नाही?

नकाशेवाला
शेवटच्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे. तिथे जे घडलं ते बाहेरून आलेल्यांचं घडलं. गावाचं काय घडलं ते कुणी लिहिलं नाही.

आता नकाशा. फिलिपिन्सच्या पूर्व कडेला सामार नावाचं मोठं बेट आहे. त्याच्या आग्नेय टोकाला जमिनीची एक लांब जीभ समुद्रात गेलीय, तिच्यावर गीवान. पश्चिमेला लेइतेचं आखात, तुलनेने शांत. पूर्वेला थेट प्रशांत महासागर. आणि त्या बाजूला किनाऱ्यापासून फार लांब नाही अशी फिलिपिन्स गर्ता, खोली दहा हजार मीटरच्या वर. म्हणजे अख्खा एव्हरेस्ट आत बुडवला तरी वर दीडेक किलोमीटर पाणी उरेल.

लोकसंख्या २०२० च्या जनगणनेत ५३ हजारांच्या आसपास. साधारण आपल्या चिपळूण शहराएवढी. पण चिपळूण एका जागी आहे, हे विखुरलेलं. ६० बारांगाय आहेत (बारांगाय म्हणजे आपली वाडी आणि ग्रामपंचायत यांच्या मधलं काहीतरी). त्यातल्या बऱ्याचशा बेटांवर: कालिकोआन, तुबाबाओ, मानिकानी, होमोनहोन, सुलुआन. काही पुलाने जोडलेली, काहींना होडीच. प्रांत पूर्व सामार. १९६५ मध्ये जुन्या सामार प्रांताचे तुकडे झाले, त्यातला हा एक.

चिंबोरी
बारांगाय हा शब्दसुद्धा होडीवरून आलाय ना? बालांगाय म्हणजे जुनी मोठी होडी. एका होडीतून आलेली माणसं म्हणजे एक वस्ती. मला हे फार आवडलं होतं वाचताना. आपल्याकडे 'एका माळेचे मणी', त्यांच्याकडे एका होडीचे.

खडूस काका
सारंगाची पहिली गोष्ट पूर्ण खरी नाही. मॅगेलन गावात उतरलाच नाही. १६ मार्च १५२१ ला त्याला सामारचे डोंगर दिसले आणि दुसऱ्या दिवशी तो होमोनहोन बेटावर उतरला. बेट निर्मनुष्य होतं. माणसं आजारी होती, तीन महिन्यांहून जास्त प्रशांत महासागरात काढलेले, कातडं आणि लाकडाचा भुसा खाऊन जगलेले. तिथे गोड पाण्याचे दोन झरे सापडले, म्हणून बेटाला 'शुभ चिन्हांची पाण्याची जागा' असं लांबलचक नाव दिलं.
बेट आज गीवानच्या हद्दीत आहे एवढंच. उद्या मीही म्हणेन की रायगड आमच्या सोसायटीत आहे, कारण दोन्ही एकाच राज्यात.

ऑइलीहात
काका, हद्दीत आहे म्हणजे आहे ना! तुमची सोसायटी रायगडाची घरपट्टी वसूल करते का?

खडूस काका
वसूल करायला मिळाली तर सोडणार नाही.

अपर्णा_ठाणे
मॅगेलनने 'शोध लावला' असं अजून कुणी लिहिलं नाही म्हणून बरं वाटतंय, पण कुणीतरी लिहिणारच, म्हणून आधीच सांगते.

१८ मार्चला सुलुआन बेटावरून एक होडी आली, नऊ माणसं. सोबतच्या पिगाफेत्ता नावाच्या इटालियनाने हे सगळं लिहून ठेवलंय. त्या लोकांनी मासे दिले, ताडाच्या दारूचा एक घडा दिला, वीतभर लांबीची 'अंजिरं' दिली (केळी हो, त्याला दुसरा शब्द माहीत नव्हता) आणि दोन नारळ. आत्ता एवढंच आहे, चार दिवसांनी तांदूळ घेऊन येतो, असं खुणांनी सांगितलं. आणि खरंच परत आले. म्हणजे उपाशी, दात हललेल्या परक्या लोकांना जेवू घातलं ते गीवानच्या कोळ्यांनी. २०२१ मध्ये पाचशे वर्षं झाली तेव्हा फिलिपिन्स सरकारने स्मरण केलं ते याच पाहुणचाराचं आणि पुढे २७ एप्रिलला माक्तान बेटावरच्या लढाईत मॅगेलनला मारणाऱ्यांचं.

बाकी हा मॅगेलन आपल्या किनाऱ्याला नवखा नव्हता. १५०५ मध्ये पोर्तुगीज व्हाइसरॉय आल्मेदाच्या आरमारातून तो हिंदुस्थानात आला, १५०९ च्या दीवच्या लढाईत होता. तेव्हा पोर्तुगालचा नोकर, नंतर स्पेनचा.

चिंबोरी
त्या दारूच्या घड्याला पिगाफेत्ताने 'उराका' लिहिलंय. म्हणजे अरक! अरबी शब्द, आपला 'अर्क' त्याच घरातला. मॅगेलनच्या आधीच हा शब्द प्रशांत महासागराच्या काठापर्यंत पोहोचला होता, कुठल्या तरी व्यापाऱ्याच्या गलबतातून. यावर एक वेगळा धागा काढायला हवा.

मालवणी माणूस
माडीचो विषय निघालो आणि माका कोणी हाक नाय मारली?

तिकडे तिला तुबा म्हणतात. माडाची पोय (न उमललेला फुलोरा) बांधायची, कापायची, भांडं लावायचं, रोज दोन वेळा वर चढायचं, सगळं आमच्या भंडाऱ्यांसारखंच. फरक एक. सामार-लेइतेच्या बाजूला त्यात खारफुटीच्या सालीची पूड घालतात, 'बारोक'. त्याने रंग लाल-तपकिरी होतो आणि ती टिकते, पुढे मुरवतातही. आपली माडी सकाळची दुपारी आंबट, संध्याकाळी शिरका. मी एका फिलिपिनो कुकच्या खोलीत प्यायलोय. पहिला घोट घेतल्यावर वाटलं कोणीतरी माडीत काथ टाकला.

आणि मनिला ते मेक्सिको जी गलबतं अडीचशे वर्षं चालली (१५६५ ते १८१५), त्यांच्यातून हे माडावर चढणारे मेक्सिकोच्या पश्चिम किनाऱ्यावर गेले. तिथल्या कोलिमा राज्यात आजही रस्त्यावर 'तुबा' विकतात.

नकाशेवाला
माणूस, मासेमारीचं सांगा. मूळ प्रश्न तो होता.

मालवणी माणूस
सांगतो. तिकडची होडी म्हणजे बांगका. दोन्ही बाजूंना बांबूचे पंख, त्याला कातिग म्हणतात. आपल्याकडे काय? उलांडी! आमच्या सिंधुदुर्गात उलांडीची होडी अजून दिसते, फक्त उलांडी एकाच बाजूला. आमची होडी एकपंखी, त्यांची दोनपंखी. दोन्ही एकाच कल्पनेच्या आणि ती कल्पना दक्षिण-पूर्व आशियाकडूनच इकडे आली असं बरेच अभ्यासक मानतात. फळी पातळ, बूड अरुंद, पण लाटेत उलटत नाही. प्रवाळावरून सहज जाते, कारण पाणी कमी लागतं.

मासे: तुलिंगान (गेदर/कुप्याच्या जातीतला छोटा ट्यूना), ताम्बान (आपली तारली), लापुलापु (हेकरू). खेकडे, शेवंड, समुद्री शेवाळ. लापुलापु हे नाव माक्तानच्या ज्या सरदाराच्या माणसांनी मॅगेलनला मारलं, त्याचं. म्हणजे वीराचं नाव माशाला देऊन रोज तळून खायचं.

सर्वांत मोठा फरक मोसमाचा. आपल्याला पाऊस नैर्ऋत्येचा, म्हणून १ जूनपासून बोटी वर. सामारचा पूर्व किनारा मात्र नोव्हेंबर ते जानेवारी खवळतो, ईशान्येच्या वाऱ्याने. त्याला 'आमिहान' म्हणतात आणि नैर्ऋत्येच्या वाऱ्याला 'हाबागात'. म्हणजे आमच्याकडे नारळी पौर्णिमेला दर्या शांत करून आम्ही सुटतो, आणि तिकडे त्यानंतर दोन-तीन महिन्यांत तो उठायला लागतो. गीवानचं सुदैव म्हणजे जिभेच्या दोन्ही बाजूंना पाणी. महासागर खवळला तर आखातात जायचं.

वाचक मात्र
(दहा वर्षं फक्त वाचतोय, पहिलाच प्रतिसाद.) किनाऱ्यापासून १५ किलोमीटरपर्यंतचा पट्टा तिथे कायद्याने गावाचा आहे. १९९८ चा मत्स्य कायदा. तीन टनांवरच्या व्यापारी बोटींनी एरवी आत यायचं नाही, परवाने नगरपालिका देते. खेरीज गीवानभोवतीचा समुद्र आणि बेटं १९९४ पासून संरक्षित क्षेत्र आहेत.

मालवणी माणूस
ऐकलंत? समुद्र नगरपालिकेचा. आणि आमच्याकडे एलईडी लावून पर्ससीनवाले (मोठ्या वेढ्याच्या जाळ्याच्या बोटी) रात्रीचे दारात येतात तेव्हा आम्ही फोन कोणाला करायचा हेच ठरत नाही.

वाचक मात्र
कायदा आहे म्हणून सगळं आलबेल नाही हो. मोठ्या बोटी तिथेही घुसतात. स्फोटकं आणि सायनाईड वापरून मासे धरण्याचा रोग त्या देशाला अनेक दशकं आहे. कायद्यामुळे भांडायला जागा मिळते, एवढं खरं.

रुपाली_मेलबर्न
रशियनांबद्दल मी लिहू शकते. आमच्या शेजारी एक आजी राहायच्या, आता नाहीत. शांघायमध्ये वाढलेल्या रशियन. १९४९ मध्ये माओचं सैन्य शांघायच्या दिशेने यायला लागलं, तेव्हा क्रांतीनंतर रशियातून पळून आलेल्या या लोकांना दुसऱ्यांदा पळायची वेळ आली. आंतरराष्ट्रीय निर्वासित संघटनेने सगळ्या देशांना विचारलं. हो म्हणाला तो फक्त फिलिपिन्स, जो स्वतः तीन वर्षांपूर्वी स्वतंत्र झालेला आणि युद्धाने मोडलेला होता. साडेपाच-सहा हजार माणसं गीवानच्या तुबाबाओ बेटावर आली. चार महिने म्हणून आलेली, काही दोन वर्षांहून जास्त राहिली.

आजी तेव्हा नऊ वर्षांच्या. त्यांना आठवत होतं ते म्हणजे सैन्याचे जुने तंबू, पाण्याची रांग, आणि गीवानच्या मुलांनी नारळ सोलायला शिकवलं ते. ऑस्ट्रेलियात आल्यावर त्या दुकानातून नारळ आणायच्या आणि परसात जमिनीत रोवलेल्या लोखंडी पहारीवर सोलायच्या. ऐंशीव्या वर्षी! आमच्या आईने पहिल्यांदा पाहिलं तेव्हा म्हणाली, ही बाई नक्की रत्नागिरीची.

संत म्हणजे बिशप योआन. ते रोज रात्री छावणीभोवती फिरून चारही दिशांना आशीर्वाद द्यायचे, म्हणून वादळं वळून जायची, असं लोक मानत. अमेरिकेत प्रवेश मिळावा म्हणून ते वॉशिंग्टनला जाऊनही बसले. १९९४ मध्ये त्यांना संत घोषित केलं.

खडूस काका
वादळं आशीर्वादाने वळतात यावर मी काही बोलणार नाही, कारण आजींचा विषय आहे. पहारीवरच्या नारळासाठी मात्र साष्टांग नमस्कार.

नकाशेवाला
धावपट्टीचं राहिलं. ऑक्टोबर १९४४ मध्ये अमेरिकन सैन्य फिलिपिन्सला परतलं, तेव्हा सर्वांत आधी पाय ठेवला तो सुलुआनवर, १७ ऑक्टोबरला. होय, तेच सुलुआन, नऊ माणसांचं. २५ ऑक्टोबरला सामारच्या समोर जी आरमारी लढाई झाली तिच्यात 'जॉन्स्टन' नावाची अमेरिकन विनाशिका बुडाली. तिचा सांगाडा आता सापडलाय, जवळपास साडेसहा हजार मीटर खोल. त्यानंतर गीवानला प्रचंड तळ उभा राहिला. माड पाडून दोन किलोमीटरची धावपट्टी केली. युद्ध संपलं, अमेरिकन गेले, पट्टी राहिली. रशियन छावणीही त्या तळाच्या उरल्यासुरल्या सामानावरच उभी राहिली.

आणि जुनं काही पाहायचं असेल तर गावातलं चर्च. जेझुइट पाद्र्यांच्या काळापासूनचं ठाणं, किल्ल्यासारखी भिंत, कारण दक्षिणेकडून गुलाम पकडायला येणाऱ्यांच्या धाडी पडत. आतल्या भिंतींवर समुद्रातल्या शिंपल्यांचं नक्षीकाम. २०१३ मध्ये छप्पर गेलं, नंतर राष्ट्रीय संग्रहालयाने दुरुस्त केलं.

अपर्णा_ठाणे
शिंपल्यांचं! म्हणजे कोळ्यांच्या गावात देवालाही कोळीच सजवणार.

वाचक मात्र
वादळावर लिहायचं की नाही असा विचार करत होतो. जानेवारी २०१४ मध्ये एका मदत संस्थेच्या कामासाठी मी तिथे सहा आठवडे होतो. निवाऱ्याचं काम, पत्रे आणि लाकूड मोजायचं.

८ नोव्हेंबर २०१३, पहाटे ४.४० ला हैयान (तिथलं नाव योलांदा) पहिल्यांदा जमिनीला लागलं ते गीवानला. वारा एक मिनिटाच्या सरासरीने ताशी ३१५ किलोमीटर असा अमेरिकन अंदाज. मी गेलो तेव्हा दोन महिने झाले होते. जवळजवळ प्रत्येक घर मोडलेलं. आवाज फक्त करवतींचा. पडलेल्या माडांच्या फळ्या पाडायचं काम दिवसभर चालायचं, कारण माड सडला की त्यात भुंगा होतो आणि तो उभ्या माडांना लागतो. आपल्या कोकणातल्या माणसाला गेंडाभुंगा सांगायला नको. माड पुन्हा धरायला सहा-सात वर्षं. म्हणून कोळ्यांना होडी मिळाली की महिन्याभरात कमाई सुरू व्हायची, माडवाल्याला मात्र तेवढी वर्षं काही नाही. आम्ही सगळ्यांना सारखे पत्रे वाटत होतो. ते चुकलं असं मला आज वाटतं.

आणि ती अमेरिकन धावपट्टी. सगळी मदत तिच्यावरच उतरली.

गीवानला शंभराच्या आसपास माणसं गेली, शेजारच्या लेइते बेटावरच्या ताक्लोबान शहरात दोन हजारांहून जास्त. गीवानच्या महापौरांनी आदल्या दिवशी सक्तीने लोक हलवले होते.

खडूस काका
महापौरांचं श्रेय आहेच, पण भूगोलही बघा. ताक्लोबान उथळ, नरसाळ्यासारख्या उपसागराच्या निमुळत्या टोकाशी. वाऱ्याने ढकललेलं पाणी तिथे साचत जातं, मग भिंतीसारखं वर येतं. गीवानच्या पूर्वेला समुद्र एकदम खोल, पाण्याला साचायला जागाच नाही.

वाचक मात्र
काका, हे त्या भागाला पूर्ण लागू नाही. थोडं उत्तरेला एर्नानी गावात किनारा तसाच खोल आहे आणि तिथे त्सुनामीसारखी लाट आली. एका माणसाने ती चित्रित केली, घर वाहून जाताना दिसतं. नंतर शास्त्रज्ञांनी दाखवलं की प्रवाळाच्या कट्ट्यावर फुटणाऱ्या लाटांच्या समूहांतून ती तयार झाली. खोल समुद्र म्हणजे सुरक्षित, हे समीकरण तिथेच मोडलं.

खडूस काका
मान्य. एर्नानीचं मला माहीत नव्हतं. शब्द मागे.

चिंबोरी
तारीख नोंदवून ठेवा, काकांनी शब्द मागे घेतला.

मालवणी माणूस
'स्टॉर्म सर्ज' (वाऱ्याने ढकललेलं तेच पाणी) म्हणजे काय ते लोकांना कळलंच नव्हतं ना? टीव्हीवर इंग्रजी शब्द सांगत राहिले. त्सुनामी म्हटलं असतं तर पळाले असते, असं नंतर कितीतरी जण म्हणाले. आमच्याकडेही तौक्ते वादळाच्या वेळी 'ऑरेंज अलर्ट' आलेला. आजी विचारी, संत्र्याचा काय?

ऑइलीहात
किती दिवसांनी येतोय, माफ करा. सगळा धागा सारंगाला फोनवर तोंडी भाषांतर करून सांगितला, पाऊण तास गेला. त्याची उत्तरं:

काकांना: होमोनहोन आमचंच आहे, तिथे माझी मावशी राहते. (यावर वाद संपला असं मी समजतो.)

रुपालीताईंना: त्याच्या आजोबांनी छावणीत मासे विकले होते. रशियन लोक माशाचं डोकं मागून घ्यायचे, रश्श्यासाठी, त्यामुळे आजोबा खूश. गावातले इतर परदेशी डोकं टाकून द्यायचे.

वाचक मात्र यांना: त्याच्या वडिलांची बांगका वादळानंतर जमिनीवर, एका शाळेच्या मागे सापडली, एक कातिग शाबूत. माड गेले ते पुन्हा लावले, आता धरलेत. तुम्ही पत्रे वाटलेत त्यातले चार त्याच्या घरावर असतील कदाचित, सरळ बसवले नव्हते म्हणून आजही गळतात.

आणि खायला 'सालुकारा' करते म्हणाला त्याची बायको. तांदळाचं पीठ, आंबवायला तुबा, मातीच्या तव्यावर केळीच्या पानावर भाजायचं.

मालवणी माणूस
अरे, ह्या गोंयचां सान्नां! माडीच्या सुरेने फुगवतत तां. फक्त ते वाफेवर आणि हे तव्यावर.

अपर्णा_ठाणे
जायचं कसं तेही लिहा कुणीतरी.

नकाशेवाला
मनिलाहून ताक्लोबानला विमान, तिथून सान हुआनिको पूल ओलांडून सामारमध्ये, मग व्हॅनने साडेतीन-चार तास. २०२५ च्या जूनपासून भारतीयांना पर्यटनासाठी १४ दिवस व्हिसा लागत नाही. आमिहान टाळा, म्हणजे एप्रिल-मे उत्तम. जूनच्या १३ तारखेला गीवानमधल्याच सुलांगानला संत अँटनीची मोठी जत्रा असते, गर्दी आवडत असेल तर तेव्हा.

खडूस काका
एक राहिलं. ५३ हजार लोकसंख्येत तुमचा सारंग मोजलाय की नाही? वर्षातले नऊ महिने तर तो तुमच्या बोटीवर.

ऑइलीहात
विचारलं. म्हणाला, मोजणीवाला आला तेव्हा मी ह्यूस्टनच्या बाहेर नांगरावर होतो. आईने माझं नाव सांगितलं, दोहातल्या बहिणीचं सांगितलं, सेबूला असलेल्या भावाचंही सांगितलं. मोजणीवाल्याने विचारलं, मग घरात आत्ता कोण आहे? तर आई म्हणाली, मी आणि कोंबडा.

मालवणी माणूस
लाल माडी आण बाटलीभर. गळणारे पत्रे पण बघून ये.

वाचक मात्र
चुका आणि वायसर घेऊन जा सोबत. पत्र्याची चूक नेहमी उंचवट्यावर मारायची, खोबणीत नाही. तेव्हा घाईत ते सांगायचं राहिलं होतं.